भाकरीचा भाव ठरवण्याआधी

नफ्यातले दहा टक्के बायकांच्या कल्याणासाठी ठेवणार, असं तू कागदाच्या पहिल्याच पानावर लिहिलंयस. पोरी, ते वाक्य आधी खोड. तुझ्या मनात खोट आहे म्हणून म्हणत नाही, तुझं मन मी ओळखते. पण वहीत नफा सगळ्यात शेवटी येतो. जोंधळा, दळण, गॅस, पाकिटं, लॉरीचं भाडं, दुकानदाराचं कमिशन, बँकेचं व्याज, एवढ्यांचं देऊन उरला तर तो नफा. ज्यांच्यासाठी धंदा काढते असं म्हणतेस त्यांनाच तू रांगेच्या शेवटाला उभं केलंस. पहिल्या वर्षी काही उरणार नाही, दुसऱ्या वर्षीही भरवसा नाही, आणि तिसऱ्या वर्षी उरलंच तर तुला नवं यंत्र घ्यावंसं वाटेल. बायकांचा वाटा वर आण, जोंधळ्याच्या लगेच खाली, मजुरीच्या दरात. तिथं बसला की तो दर शनिवारी त्यांच्या हातात पडतो, नफा होवो न होवो. मग त्याला कल्याण म्हणायचीही गरज राहत नाही.

तुला कडक भाकरी आणि चटण्या पुण्याला, बंगळूरला पाठवायच्या आहेत आणि त्यातून इथल्या बायकांना हक्काचं काम द्यायचंय. दोन्ही चांगलं आहे. हुबळी-धारवाडात हा माल कुणाला नवा नाही. खानावळीत, लग्नघरी, जत्रेच्या दासोहात म्हणजे अन्नदानात भाकरीच्या चळती लागतातच, सोबत शेंगांची आणि कारळ्याची चटणी. दाजीबानपेठेत राहून मी हेच केलं, तुझ्या बाबांचं कॉलेज त्यावर झालं. तू विचारलंस म्हणून सांगते. सांगताना मागचं पुढं होईल, ते तू लावून घे.

दर ठरवायला कॉम्प्युटरपुढं बसू नकोस. घड्याळ घेऊन चुलीजवळ बस. कडक भाकरी तू खाल्लीयस, होताना नीट बघ. आधणाच्या पाण्यात पीठ भिजवायचं, तळहाताच्या टाचेनं रगडायचं, परातीत कोरडं पीठ भुरभुरून थापायचं. कडा पातळ हवी, पण चिरता कामा नये. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, फडक्याच्या बोळ्यानं दाबत दाबत भाजायची. इथवर झाली ती मऊ भाकरी. कडक करायची तर पुढं मंद आचेवर ठेवून आतला ओलावा पुरता जाईपर्यंत थांबायचं, आणि या थांबण्याचे पैसे कुणी धरत नाही. नगावर मजुरी देणारे फक्त थापण्याचा वेळ मोजतात. रगडण्याचा, भाजण्याचा, निववण्याचा, शंभराच्या चळती बांधण्याचा आणि माल घालायला आल्यावर तुझ्या दारात ताटकळण्याचा वेळ बाईच्या पदरचा जातो. हे सगळं मोज. सगळ्यात चपळ हात प्रमाण धरू नकोस, मधला हात धर. मग आठ तासांचे किती होतात ते काढ आणि कामगार खात्यानं जाहीर केलेल्या किमान वेतनाशी ताडून बघ. कमी पडत असेल तर भाकरीचा भाव वाढव. वाढवलेल्या भावानं कुणी घेत नसेल तर तिथंच थांब. बाईच्या घामातून सूट काढून स्वस्त विकायचं असेल तर तुझ्या त्या पहिल्या पानाला अर्थच राहिला नाही.

दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. एक, गॅस कुणाचा? बाई घरी भाकरी करत असेल तर सिलिंडर तिचा जळतो. त्याचे पैसे मजुरीत मिसळू नकोस, वेगळे दे, वहीत वेगळ्या रकान्यात लिही. मिसळले की गॅस महागल्यावर मजुरी आपोआप घटते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसरी गोष्ट, तुकडे कुणाचे? मोजून घेताना भाकरी अख्खी होती आणि पुण्यात खोका उघडल्यावर तुटली, तर तो दोष तुझ्या खोक्याचा, तुझ्या लॉरीचा. ते पैसे बाईच्या मजुरीतून कापणारे धंदे मी पाहिलेत. त्यांच्याकडं चांगली बाई वर्षभर टिकत नाही, आणि चांगली बाई गेली की भाकरी जाड होते, मग गिऱ्हाईकही जातं. तुझ्या भाषेत ज्याला शाश्वत का काय म्हणतेस ना, त्याची सुरुवात इथून आहे. तुकडे वाया घालवू नकोस, कुस्करून फोडणीची पाकिटं कर, खपतात.

लिज्जतवाल्या बायकांचं उदाहरण सगळेच देतात, पण वरवर देतात. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले, हे सगळ्यांना पाठ असतं. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. तोटा झाला तरी कुणाकडं देणगी मागायची नाही हे त्यांनी पहिल्यापासून ठरवलं होतं. पीठ एका जागी मळायचं, बायकांनी ते घरी नेऊन लाटायचं, दुसऱ्या दिवशी पापड आणून घालायचे, तिथं वजन आणि पारख व्हायची आणि मजुरी हातात पडायची. नफा झाला तरी सगळ्यांचा, तोटा झाला तरी सगळ्यांचा. पीठ एकाच जागचं असल्यामुळं शेकडो घरांतल्या पापडाची चव एक राहिली. तू हेच कर. जोंधळा तू घे, दळण तुझ्या देखरेखीखाली होऊ दे, बायकांना पीठ तोलून दे. जोंधळा सुगीत, फेब्रुवारी-मार्चमध्ये, अमरगोळच्या मार्केट यार्डात घ्यायचा, आणि जमलं तर नवलगुंद-अण्णिगेरीकडच्या काळ्या रानातल्या शेतकऱ्याकडून थेट. मालदांडी जोंधळ्याचं पीठ रगडायला सोपं जातं आणि भाकरी पांढरी होते. शेतकऱ्याला आगाऊ रक्कम दिलीस तर लिहून दे, आणि बाजार चढला म्हणून त्यानं थोडं वाढवून मागितलं तर वाढव. पुढच्या सुगीत तो पहिलं पोतं तुझ्याकडं आणेल.

आता पाकिटावर काय छापायचं ते. "गरीब महिलांनी बनवलेलं" असं काही छापू नकोस. माणूस कळवळ्यानं एकदा घेतो. दुसऱ्यांदा घेतो तो भाकरी आवडली म्हणून. आणि त्या बायकांना विचार, आपल्याला गरीब म्हणून पाकिटावर छापलेलं कुणाला आवडेल? बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर, त्यांचा लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या भल्याचाच होता. तरी शेतकरी घेईनात. लोखंडानं जमिनीला विष बाधेल असं त्यांना वाटायचं. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली म्हणतात. शेवटी नांगरट बघून लोकांना पटलं. पुढं कारखान्याची बेळगावातली जागा सोडावी लागली, औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली, कामगारांची घरं, शाळा घेऊन. ती वसाहत ज्या पैशावर उभी राहिली तो चांगल्या नांगराचा पैसा होता, हे लक्षात ठेव.

मालाच्या गुणावर उभं राहण्याचं आपल्या गावातलं सगळ्यात मोठं उदाहरण बेंगेरीत आहे. भाव पक्का करण्याआधी एक दिवस काढून तिथं जाऊन ये. कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ. १ नोव्हेंबर १९५७ ला काही गांधीवादी मंडळींनी तो उभा केला, वेंकटेश मागडी पहिले अध्यक्ष, श्रीरंग कामत उपाध्यक्ष. गावोगाव सूत काढणाऱ्या आणि विणणाऱ्या हातांना काम मिळावं एवढ्यासाठी. टोप्या, सतरंज्या, चादरी, साबण, सगळं करून पाहिलं त्यांनी. पण संघाचं नाव देशभर झालं ते राष्ट्रध्वजामुळं. भारतीय मानक ब्युरोचं प्रमाणपत्र २००६ च्या सुमारास मिळालं, आणि नंतर कितीतरी वर्षं देशातल्या सरकारी इमारतींवर चढणारा खादीचा तिरंगा आपल्या हुबळीतून जायचा.

तिथं गेलीस की चक्र छापतात तिथं उभी राहा. कापड बागलकोटकडं विणलं जातं, त्याचे तीन वाटे करून रंगवतात, पांढऱ्या पट्टीवर चोवीस आऱ्यांचं निळं चक्र दोन्ही बाजूंनी छापतात. एका बाजूचं चक्र दुसऱ्या बाजूच्या चक्रावर अचूक बसलं पाहिजे, आरा आऱ्यावर. लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२, आकार नऊ, सगळ्यात मोठा २१ फूट बाय १४ फूट. रंगाची छटा, सुताची जाडी, टाक्यांची संख्या, दोरी, सगळ्याला माप. एका ठिकाणी चुकलं तर अख्खा लॉट परत येऊ शकतो. हे काम मुख्यतः बायकाच करतात, आणि त्यांच्याकडं कुणी दयेनं बघत नाही, कारण ते काम दुसऱ्या कुणाला तितकं नेमकं जमत नव्हतं. चांगल्या हेतूनं सुरू झालेल्या धंद्याला बळ कुठून येतं हे मला तिथं कळलं. तुझ्या भाकरीला असंच एक माप लाव. व्यास, जाडी, वजन, किती दिवस टिकते, लिहून भिंतीवर लाव आणि त्या मापात जी बसवेल तिला वरचा दर दे.

त्याच बेंगेरीतून दुसरी गोष्टही शिकायची आहे, आणि ती सांगताना मला वाईट वाटतं. राष्ट्रध्वज हातानं कातलेल्या, हातानं विणलेल्या कापडाचाच असावा असा नियम होता. ३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहितेत बदल झाला, पॉलिस्टर आणि यंत्रावर केलेल्या ध्वजालाही मुभा मिळाली. पुढच्याच ऑगस्टमध्ये घरोघरी तिरंगा लावायची मोहीम निघाली. देशात एवढे झेंडे एका वेळी कधी लागले नसतील. पण स्वस्त पॉलिस्टरच्या लाटेत खादीला जागा कुठून मिळणार? संघानं विरोध केला, निवेदनं दिली, आंदोलन केलं. माझं मत विचारशील तर तो नियम तसाच राहायला हवा होता, कारण त्या कापडाचं मोल त्याच्या किमतीत नव्हतंच कधी. पण तुझ्यासाठी यातला धडा वेगळा. एक माल, एक नियम आणि पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी असा दोनच तारखांचा हंगाम, यांवर शेकडो घरांच्या चुली ठेवल्या तर दिल्लीतल्या एका कागदानं त्या विझू शकतात. तुझी सगळी भाकरी एकाच मोठ्या दुकानाला देऊ नकोस. एका गिऱ्हाइकाकडं तिसऱ्या हिश्शाहून जास्त माल जायला लागला की दुसरं शोधायला लाग. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं तेव्हा ज्वारी-बाजरीला एकदम चांगले दिवस आले होते. अशी लाट आली की विक, पण लाटेच्या आकड्यावर नवी माणसं घेऊन बसू नकोस.

पैसा कुठून आणायचा? यावर तू तीन पानं लिहिलीस. त्यातल्या देणगीच्या पैशाबद्दल सांगते. आपल्या हुबळीत जन्मलेल्या गुरुराज देशपांड्यांनी अमेरिकेत सायकामोर नेटवर्क्ससारख्या कंपन्या काढल्या, मग देशपांडे फाउंडेशनचं मोठं काम इथं आणलं. गावाकडच्या मुलांचं प्रशिक्षण, शेततळी, नव्या उद्योगांना जागा आणि सल्ला. तिथं जरूर जा. अशा ठिकाणचा पैसा आणि सल्ला शिकण्यासाठी घे. यंत्र लावून बघायला, टिकाऊपणा तपासून घ्यायला, पाकीट सुधारायला घे. मजुरी मात्र देणगीतून एक दिवसही देऊ नकोस. देणगी तीन वर्षांची असते, बाईचं पोट रोजचं असतं. देणगीतून मजुरी गेली की भाकरीचा खरा भाव तुला कधी कळतच नाही, आणि देणगी संपल्यावर कळतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. मोठ्या कंपन्यांच्या सीएसआरचंही तसंच. २०१३ च्या कायद्यानं ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के समाजकामाला द्यावे लागतात, म्हणून ते तुझ्या दाराशी येतील, फोटो काढतील. फोटोपेक्षा त्यांच्या कॅन्टीनची ऑर्डर माग.

आता उसनवारीचं सांगते, कारण इथं बायका सगळ्यात जास्त भरडल्या जातात. दुर्गदबैलात भाजी घेताना तू पिग्मीवाल्याला बघितलं असशील, दुकान दुकान फिरून दहा-वीस रुपये गोळा करतो तो. ही पद्धत सिंडिकेट बँकेनं १९२८ मध्ये सुरू केली, रोज दोन आण्यांपासून. ती बँक १९२५ मध्ये उडुपीला निघाली तीच मुळी संकटात सापडलेल्या विणकरांना हात द्यायला. उपेंद्र पै, वामन कुडवा आणि डॉक्टर टी. एम. ए. पै यांनी काढली. भाजीवालीला महिन्याला मोठी रक्कम बाजूला टाकता येत नाही, रोज दोन आणे टाकता येतात, हे ज्याला कळलं त्यानं गरिबाचं भलं केलं आणि बँकही वाढवली. २०२० मध्ये ती कॅनरा बँकेत विलीन झाली, पण पिग्मी हा शब्द आपल्याकडं अजून रोजचा आहे. सौरदिव्यांचे हरीश हांडे, ज्यांना २०११ मध्ये मॅगसेसे मिळालं, त्यांनी १९९५ पासून सेल्को चालवताना हेच धरलं. फेरीवाल्याला महिन्याचे तीनशे जड जातात, रोजचे दहा जात नाहीत. माणसाच्या हातात पैसा कसा येतो ते बघून त्यांनी हप्ता बांधला आणि ग्रामीण बँकांना कर्ज द्यायला पटवलं.

आणि अशाच गरिबांच्या दारात दुसरे कर्जवालेही येतात. बायकांच्या गटांना विनातारण कर्ज, महिलांचं सक्षमीकरण, अशी मोठी नावं. एकीला चार-चार ठिकाणचं कर्ज, आठवड्याचा हप्ता, चुकला तर दारात बसून राहायचं, गटातल्या इतर बायकांना अंगावर घालायचं. कर्नाटकात हे इतकं वाढलं की फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारला जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. यांच्याही पहिल्या पानावर समाजहितच लिहिलेलं असतं गं. म्हणून मी पहिलं पान वाचत नाही. व्याज किती, वसुलीला कोण येतो आणि येऊन काय बोलतो, ते बघते. तुझ्याकडं काम करणारी बाई अशा हप्त्यात अडकली असेल तर तिला तूही कर्ज देऊन बांधून ठेवू नकोस. चार दिवस आधी मजुरी दे, आणि तिला पिग्मी किंवा पोस्टाचं खातं काढून दे. उचल देऊन माणूस अडकवणं ही फार जुनी रीत आहे, चांगल्या मनाची माणसंसुद्धा नकळत त्यात शिरतात.

तुझ्या दुकानदारांकडून पैसे वेळेवर कसे येतील हे बायकांच्या मजुरीइतकंच महत्त्वाचं. बाई शनिवारी पैसे मागणार आणि दुकान नव्वद दिवसांनी देणार, मधले दिवस तू कुठून भरणार? माझ्या वेळी एका मोठ्या दुकानानं दिवाळीचे पैसे होळीला दिले. तो हिवाळा मी बांगड्या गहाण टाकून काढला, पण मजुरी एक शनिवारही चुकवली नाही. तुमच्या वेळी कायदा आहे, तो वापर. उद्यम नोंदणी पहिल्या महिन्यात करून घे. २००६ च्या कायद्याप्रमाणं सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर व्याज लागतं. एप्रिल २०२४ पासून आयकरातही अट आली आहे, मुदतीत पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छाप आणि हे नम्रपणे त्यांच्या अकाउंटंटला सांग. मालकापेक्षा अकाउंटंट लवकर ऐकतो. तरीही कुणी उशीर करतच राहिला तर त्याचा माल बंद कर, मग तो गावातला केवढाही मोठा असो.

बायकांच्या नावावर काय करायचं? दहा माणसं झाली की ईएसआय, वीस झाली की पीएफ लागू होतो, ते टाळायला एकोणीसवर थांबणारे पुष्कळ आहेत. तू थांबू नकोस. घरी काम करणाऱ्या बायकांसाठी निदान पंतप्रधान सुरक्षा विमा काढून घे, वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं अपघाताचं संरक्षण मिळतं. दर वर्षी मे महिन्यात खात्यातून पैसे कापले गेले का, हे प्रत्येकीच्या पासबुकात बघ. नुसता फॉर्म भरून सोडून देतात, आणि गरज पडल्यावर कळतं की खात्यात २० रुपये नव्हते म्हणून विमा बंद पडला.

शिकवण्याबद्दल थोडं. नवलगुंदची जमखाना सतरंजी आपल्याच जिल्ह्यातली, भौगोलिक मानांकन मिळालेली, मोराचे आणि चौपटाचे सुंदर नमुने असतात तिच्यावर. विणणाऱ्या बायकाच. पण लेक लग्न होऊन परगावी गेली की विद्याही जाईल म्हणून ती लेकींना न शिकवता सुनांनाच शिकवायची, अशी तिथं रीत होती. त्या काळी त्यांना ते बरोबरच वाटलं असणार, पोटाचा प्रश्न होता. पण आज माग चालवणाऱ्या हातांची संख्या बोटांवर आलीय. भाकरीत असं गुपित काही नाही असं तुला वाटेल. आहे. कोणत्या जोंधळ्याला किती गरम पाणी, पावसाळ्यात भाकरी मऊ पडू नये म्हणून काय करायचं, हे दोघी-तिघींनाच ठाऊक असतं. त्यांना शिकवण्याचे वेगळे पैसे दे. शिकवलं की आपलं काम जाईल ही त्यांची भीती खरी असते. शिकवणाऱ्या बाईचा दर कायमचा वर ठेवलास तरच ती मनापासून शिकवेल. आणि चार जणी शिकून बाहेर पडल्या, स्वतःचा धंदा काढला, तर रागावू नकोस. मोठी ऑर्डर आली की त्याच तुला माल पुरवतील.

संस्था कोणत्या नावानं नोंदवायची यावर तू फार वेळ घालवू नकोस, पण एकदा नीट विचार कर. गदगजवळच्या कणगिनहाळला १९०५ मध्ये सिद्धनगौडा सण्णरामनगौडा पाटलांनी शेतकऱ्यांची पतसंस्था काढली, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी. १९०४ चा सहकारी कायदा नुकताच आला होता. सावकाराच्या पाशातून गाव सोडवायला गावानंच पैसा जमवला. तो वारसा आपल्या भागाला आहे. पण तू एकटी पैसा घालतेस, जोखीम एकटी घेतेस, आणि सुरुवातीला चाळीस जणींची सभा घेऊन भाव ठरवायला बसलीस तर सुगी निघून जाईल. आधी मालकीचा धंदा कर, वही उघडी ठेव. उघडी म्हणजे खरंच उघडी, जोंधळा केवढ्याला आला, भाकरी केवढ्याला गेली, तुझा पगार किती, हे कुणीही बाई येऊन वाचू शकेल अशी. दोन वर्षांनी ज्या बायका ती वही समजून प्रश्न विचारायला लागतील त्यांना भागीदार कर. मग सौहार्द सहकारी कायद्याखाली नोंदणी करायची की उत्पादक कंपनी काढायची ते त्या आणि तू मिळून ठरवा. ज्यांना वही वाचता येत नाही त्यांना कागदावर मालक करणारी संस्था शेवटी एकाच्याच हातात जाते, मी पाहिलंय. म्हणून संध्याकाळी अर्धा तास हिशोब शिकवायला ठेव, आणि तो अर्धा तासही मजुरीत धर.

तुझा स्वतःचा पगार पहिल्या महिन्यापासून लिही. घेतला नाहीस तरी लिही, देणं म्हणून. सेवा करतेय म्हणून काही घेत नाही असं म्हणणारी माणसं तीन वर्षांत थकतात आणि मग चिडचिड बायकांवर निघते. शिवाय तुझा पगार न धरता काढलेला भाकरीचा भाव खोटा असतो. उद्या तुझ्या जागी दुसरीला बसवायची वेळ आली तर त्या भावात ती बसवता येणार नाही.

आणखी एक, मन घट्ट करून ऐक. धंदा बंद करायचीही वेळ येऊ शकते. चांगल्या हेतूच्या धंद्यात ती ओळखायला उशीर होतो, कारण बंद केला तर बायकांचं काय, या विचारानं माणूस कर्जावर कर्ज काढत राहतो आणि शेवटी बायकांचीही मजुरी बुडते. म्हणून तीन महिन्यांच्या मजुरीएवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेव, सहीचा अधिकार तुझा आणि त्यांच्यातल्या एकीचा, दोघींचा मिळून. त्या पैशाला जोंधळ्यासाठी हात लावायचा नाही, यंत्रासाठी नाही, बँकेच्या हप्त्यासाठीही नाही. ती रक्कम घटायला लागली त्या दिवशी सगळ्यांना बोलावून वही समोर ठेवायची. येत्या सोमवारी केशवापूरच्या बँकेत जाऊन आधी ते खातं उघड, दुकानाच्या नावाची पाटी त्यानंतर रंगव.